ती तासभर बोलली

एम.ए.च्या वर्गाला मी गेली चौदा वर्षं जोसेफ कॉनराडची १८९९ सालची लघुकादंबरी 'हार्ट ऑफ डार्कनेस' शिकवते आहे. काँगो नदीच्या काठावर, हस्तिदंत गोळा करणाऱ्या युरोपीय कंपनीचा गोरा एजंट कुर्ट्झ याच्या ठाण्याजवळ एक आफ्रिकन स्त्री दिसते, तो परिच्छेद मी दरवर्षी मोठ्याने वाचते. पायांत गुडघ्यापर्यंत पितळ, हातांत कोपरापर्यंत पितळी तारांचे वेढे, गळ्यात काचमण्यांच्या माळाच माळा. रानटी आणि भव्य, असं निवेदक म्हणतो. सगळं जंगल तिच्याकडे बघतं, जणू स्वतःचाच आत्मा बघतंय.

परिच्छेद सुंदर आहे, घात तिथेच होतो. या कौतुकात बाई उरतच नाही, जंगल उरतं. आणि तिच्या अंगावरच्या ऐवजाची किंमत निवेदक हस्तिदंतांत करतो, म्हणजे कंपनी ज्या मालासाठी तिथे आली त्याच मालात!

यंदाही वाचून झाल्यावर मी नेहमीचं वाक्य बोलले, "हिला लेखकाने एकही शब्द दिलेला नाही." नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेंनी याच पुस्तकावर टीका करत १९७५ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानाचा दाखला दिला. शेवटी भेटणारी कुर्ट्झची गोरी वाग्दत्त वधू मात्र पानंच्या पानं बोलते, हेही सांगितलं. मुलं लिहून घेत होती.

केनियाहून आलेली एक विद्यार्थिनी खिडकीशी बसते. तिने हात वर केला. "मॅडम, ती बोलते."

तिच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने एक ओळ अधोरेखित केलेली होती. कुर्ट्झच्या भजनी लागलेला तो रशियन तरुण सांगतो: ठिगळं लावायला मी कोठीतून चिंध्या उचलल्या म्हणून एकदा हिने आत येऊन भांडण काढलं. माझ्याकडे बोट दाखवत कुर्ट्झशी तासभर कडाकडा बोलली. मला तिची भाषा येत नाही.

"तासभर," ती म्हणाली. "ऐकणाऱ्याला कळलं नाही, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. आणि भांडण कशावरून, तर कापडावरून. माझी आजी अशीच भांडायची. घरातलं कापड कुणी न विचारता उचललं की झालं."

वर्गात कुणी हललं नाही. चौदा वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांखालून जात होती. कोठीतल्या चिंध्यांचाही हिशेब ठेवणारी, परक्या माणसाला जाब विचारणारी बाई तिथे होती, आणि मी पितळेकडे बघत राहिले होते. पुढे बोट सुटते तेव्हाही ती काठावर येऊन ओरडून काहीतरी सांगते. काय, ते निवेदक लिहीत नाही.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, "बसमध्ये बायका माझ्या वेण्यांना हात लावून बघतात. किती वेगळी दिसतेस, म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मॅडम. पण दोन वर्षांत मी काय शिकते ते एकीनेही विचारलं नाही."

मी तिला बसवून घेतलं. प्रबंधिका कशावर करायची, असं विचारलं. तिची दोन पानांची टाचणं तयार होती.

घरी आल्यावर पुस्तक उघडलं. समासात माझ्याच अक्षरात होतं, 'एकही शब्द नाही'. ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: 'चिंध्या. एक तास.'