समेवर आल्यासारखं
आज डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. मोझार्टचा १७८५चा डी मायनर पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची मिळून रचना, त्यात पहिल्या भागाच्या शेवटाकडे अख्खा ऑर्केस्ट्रा एका अधांतरी कॉर्डवर येऊन थांबतो आणि पियानोवादक एकटाच वाजवत उरतो, तो भाग म्हणजे कॅडेन्झा. या कॉन्चेर्टोसाठी मोझार्टच्या हातचा कॅडेन्झा आज मिळतच नाही, म्हणून बहुतेक जण बीथोव्हेनने लिहिलेला वाजवतात, तो आहेच जबरदस्त, पण मला दरवेळी वाटतं की मोझार्टच्या घरात दुसरंच कोणीतरी मोठ्याने बोलायला लागलंय. क्लारा शूमननेही लिहिलाय, ब्राह्म्सनेही. आज मात्र पियानिस्ट रॉबर्ट लेविन ऐकले, ते तिथल्या तिथे सुचेल तसा वाजवतात, मोझार्टच्या काळात वाजवायचे तसाच. काय धाडस लागत असेल याला!! आणि खरं सांगू, प्रत्येक पियानिस्टने निदान एकदा तरी स्वतःचा कॅडेन्झा करावाच, इतकी मोकळी जागा कोणी उगाच सोडत नाही.

शेवटचा तो लांबलेला ट्रिल तर मी तीनदा मागे जाऊन ऐकला. दोनच सूर थरथरत राहतात, ती ऑर्केस्ट्राला खूण, आता या. आणि सगळे एकदम येतात. आपल्याकडे तान घेऊन गायक समेवर आला की हात आपोआप उठतो ना, तसाच आज बसमध्ये माझा उठला.