तिनं टेप काढली

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होऊन तीन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात सातवीला विज्ञान शिकवते, शाळा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर आहे. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात वाडी टँकरची वाट बघते. वर्गातल्या एका मुलीनं विहिरीचं मॉडेल करायचं ठरवलं. जुना फिश टँक, तळाला गणपतीच्या कारखान्यातून आणलेला शाडू, कारण जांभ्याच्या खाली चिकट मातीचा थर असतो आणि मुरलेलं पाणी त्याच्यावर अडतं, वर चिरेखाणीतले जांभ्याचे तुकडे, मधे भोकं पाडलेली बाटली ती विहीर. झारीनं पाऊस पाडायचा. चिरा कोरडा असला तर आधी तोच पाणी पितो, बुडबुडे सोडत राहतो आणि विहिरीत थेंब येत नाही. एक तुकडा भिजवण्याआधी आणि नंतर वजन केला तर दीडशे ग्रॅमचा फरक! आदल्या रात्री तुकडे भिजत घालायला हवेत हे चौथ्या खेपेला कळलं.

मग विहीर भरली, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखी. मी खूश, ती नाही. "बाई, आमची विहीर मार्चातच आटते, ही का नाय आटत?"

दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "सड्याला काच कुठाय?" खरंच की. टँकच्या काचा पाणी धरून ठेवत होत्या, आणि आमचा सडा कडेला उघडा, तिथून झऱ्यांवाटे सगळं खाली वहाळात जातं. मग मासळीचा थर्माकोलचा बॉक्स आणला, एक बाजू कापली, शाडूला तिकडे उतार दिला. विहीर भरली आणि डोळ्यांदेखत उतरायला लागली. बाटलीवर ती दर मिनिटाला पेनानं रेघ मारत होती, आधी रेघांमधलं अंतर जास्त, मग कमी कमी. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मीच त्या कापलेल्या बाजूला प्लास्टिक लावून टेप मारली. टेबल ओलं होईल, लोक बोलतील म्हणून. शेजारी दुकानातनं आणलेला ज्वालामुखी, पलीकडे कुणाच्या तरी बाबांनी केलेला जेसीबी. अशा मॉडेलमध्ये पोराला चुकायला जागाच नसते आणि आपण नेमकं त्यालाच बक्षीस देतो, दरवर्षी खुपतं हे मला.

परीक्षक आले तेव्हा विहीर काठोकाठ. तिनं मला न विचारता टेप ओढली. पाणी टेबलावर, शेजारच्यांच्या चार्टवर. परीक्षक म्हणाले, "गळतंय हे, नीट बनवायचं ना." ती म्हणाली, "सर, गळतंय म्हणूनच तर आटते." पण तोवर ते जेसीबीपाशी पोचले होते. नंबर आला नाही त्याचं मला एवढं वाटत नाही. महिनाभर मी तिला सांगत होते की जे दिसतं तेच दाखवायचं, आणि ऐन वेळी भरलेली खोटी विहीर मीच मांडून ठेवली.

परत येताना वडापमध्ये तिनं विचारलं, आपल्या सड्याच्या कडेला झरे किती असतील? रविवारी सात जण कडेकडेनं चालत गेलो, पाच सापडले. प्रत्येकाखाली लिटरची बाटली धरून ती किती सेकंदात भरते ते वहीत लिहिलं. मोठ्या झऱ्याला पहिल्या रविवारी २५ सेकंद लागले होते, काल ४०.