गोळी लागलेला माणूस भाषण करत नाही

गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत त्या दिवशी काश्मीरमधलं कुपवाडा उभं केलं होतं. देवदार कुठून आणणार? धूर सोडून झाडं झाकली होती. मे महिना, आणि पोरांच्या अंगावर थंडीचे कपडे. मी सैन्यविषयक सल्लागार. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि राष्ट्रीय रायफल्सबरोबर काही वर्षं त्याच कुपवाड्यात काढली, एवढी माझी पात्रता. सेटवर सगळे मला 'मेजरसाब' म्हणतात. आधी दुरुस्त करायचो, आता ही बढती मान्य केली आहे.

सकाळ नेहमीसारखीच गेली. ट्रिगरवरची बोटं काढायला लावायची, नळी कुणावर रोखली की ओरडायचं. काडतूस ब्लँक, म्हणजे नुसता बार असलेलं, पुढे गोळी नसलेलं असलं तरी मी हे सोडत नाही. १९८४ साली अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटाने सेटवर गमतीत ब्लँक भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यात तो गेला. प्रत्येक नव्या युनिटला हा किस्सा ऐकवतो. मग हसणं थांबतं.

दुसरं भांडण अंतराचं. जंगलात जवान एकमेकांना चिकटून चालत नाहीत, नाहीतर एकाच फैरीत दोघे जातात. पण आठ-दहा पावलं सोडली की कॅमेरामनची चौकट रिकामी दिसते. त्याने डोकं खाजवलं, लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि मागे सरकला. त्या लेन्समध्ये अंतर दबतं. पोरं लांब लांबच चालली, पडद्यावर मात्र भरलेली दिसली. असा माणूस भेटला की या धंद्यात मजा येते.

खरं काम दुपारी निघालं. जवानाच्या छातीत गोळी लागते आणि तो नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून पानभर बोलतो: तिरंगा, मातृभूमी, माँ. लेखिका तरुण होती, मराठीच. म्हटलं, "मॅडम, छातीत गोळी लागल्यावर श्वास पुरत नाही. दोन-तीन शब्दांवर वाक्य तुटतं."

"मग काय बोलतात, सर?"

हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. बटणं, बिल्ले, सलाम, एवढंच विचारतात.

मी सांगितलं. माझ्या सेक्शनमधला पोरगा, पोटात गोळी. पहिला प्रश्न, "माझी रायफल कुठंय?" हत्यार हरवलं की चौकशी बसते, ते त्या अवस्थेतही डोक्यात असतं. मग पाणी मागितलं. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नसतं, म्हणून नुसते ओठ ओले केले. मी फील्ड ड्रेसिंग दाबून धरलेली, आणि तो म्हणाला, "सुट्टीचं वॉरंट ट्रंकेत आहे. जमा करून टाका, साहेब." वॉरंट म्हणजे सुट्टीवर घरी जायचा सरकारी रेल्वेपास.

तिने वही पुढे केली. "तुम्हीच लिहा."

आयुष्यात मी पहाऱ्याचे रिपोर्ट लिहिले होते. तसंच लिहिलं, मराठीत: कोण कुठे पडलाय, कोण काय विचारतो. सहायकाने हिंदी केलं. पानाच्या सहा ओळी झाल्या.

नाटकातून आलेला पोरगा ते करायला बसला आणि पहिल्याच तालमीला ढसाढसा रडला. त्याला बाजूला घेतलं. "बाळा, तुला रडायला वेळ नाही. हिशोब पुरा करायचाय. रायफल, वॉरंट. घाईत आहेस तू." पुढच्या टेकला त्याने वॉरंटचं वाक्य असं उरकलं की लाइटवाल्या दादांनी मान फिरवली.

निर्मात्याला पटलं नाही. "टाळी कुठे पडणार?" दिग्दर्शक शहाणा माणूस, त्याने दोन्ही चित्रित करून ठेवलं. पुढे भाषण ट्रेलरमध्ये गेलं, सिनेमात वॉरंट राहिलं. मला स्वतःला हा सौदा वाईट वाटला नाही. लोकांना थिएटरपर्यंत आणायलाही काहीतरी लागतंच.

पॅकअपच्या वेळी लेखिका अख्खी पटकथा घेऊन आली. पानोपानी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या.

"हे काय?"

"यात अजून पाच जण मरतात, सर. उद्यापर्यंत होतील?"

"पाच?" मी म्हटलं. "दोघांना जखमी करा. उरलेल्यांचं बघतो."