लाइन आल्यावर काय करते? पहिल्या चार स्मार्ट वस्तूंची मार्च ते जूनची नोंद

साडेतीन हजारांत घरात फोनवरून चालणाऱ्या स्मार्ट वस्तूंची सुरुवात करायची, असं फेब्रुवारीत ठरवलं होतं. आमचं गाव हिंगणघाटपासून वीसेक किलोमीटरवर. घर अर्धं जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, आणि मागच्या दोन खोल्या विटा-सिमेंटच्या. कोठा (गोठा) वेगळा, त्यावर टिन. नेट म्हणजे सिमकार्डाचा राउटर, माजघराच्या खिडकीत ठेवलेला. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. हे आधीच सांगते, कारण शहरातल्या फ्लॅटमधल्या याद्या वाचून मी सुरुवात केली आणि त्यातली निम्मी निवड इथे उलटी पडली. तुमच्यापैकी कुणी खेड्यात राहून पहिली वस्तू घ्यायच्या बेतात असेल, तर हा हिशेब कामी येईल.

पहिली खरेदी स्मार्ट बल्बची, ५५० रुपये. सगळे हेच सुचवतात: होल्डरमध्ये फिरवला की झालं, वायरमनची गरज नाही. सपरीत, म्हणजे ओसरीत, लावला. रंग बदलतो म्हणून मुलगी खूश. चौथ्या दिवशी रात्री लाइन गेली आणि अडीच-पावणेतीनच्या सुमारास आली. बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागला. सपरीत झोपलेल्या आई (माझ्या सासूबाई) उठून बसल्या, मला हाक मारली, "काहून वं, एवढ्या रात्री लाइट कोनं लावला?" मी फोनवरून बंद करायला गेले तर बल्ब अजून नेटला जोडलाच गेला नव्हता. राउटर सुरू होऊन नेट धरेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर ॲपमध्ये बल्ब 'ऑफलाइन'. शेवटी आईंनीच उठून भिंतीवरचं बटण दाबलं. बटण बंद झालं म्हणजे बल्बची वीजच तुटली. मग सकाळी ॲपला बल्ब सापडेना.

त्या रात्रीपासून कुठलीही वस्तू घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: लाइन गेली आणि परत आली, तर ही काय करते?

याचं उत्तर बहुतेक वेळा सेटिंगमध्येच असतं. 'पॉवर-ऑन' किंवा 'रिले स्टेटस' अशा नावाखाली तीन पर्याय मिळतात: लाइन आल्यावर चालू, लाइन आल्यावर बंद, किंवा जाण्याआधी जसं होतं तसं. कंपनीकडून येताना बल्ब बहुतेक 'चालू'वर ठेवलेला असतो, कारण साध्या बल्बसारखं बटण दाबलं की लागावा, अशी अपेक्षा असते. जिथे लाइन महिन्यातून एकदा जाते तिथे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्याकडे वारा सुटला की लाइन जाते. म्हणून खरेदीच्या आधी ॲपचे स्क्रीनशॉट बघा आणि हे सेटिंग त्या वस्तूत आहे याची खात्री करा. सगळ्यात स्वस्त बल्बांमध्ये ते नसतंही. माझ्यात निघालं, मी 'आधी होतं तसं' केलं आणि तो बल्ब मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर हलवला. तिथे भिंतीवरच्या बटणाला कुणी हात लावत नाही.

एप्रिलमध्ये स्मार्ट प्लग घेतला, वीज मोजणारा, १०५० रुपयांना. हा भिंतीवरच्या सॉकेटात बसतो आणि आपली वस्तू त्याच्यात लावायची. नुसता चालू-बंद करणारा तीन-चारशे रुपये कमी होता. तरी सांगते, पहिली वस्तू घ्यायची तर हीच घ्या, आणि मोजणारीच घ्या.

प्लग निवडताना एक अडचण आली. १६ अँपिअरचा प्लग जास्त दणकट, म्हणून तोच घेणार होते. पण त्याच्या पिना जाड, त्या भिंतीवरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटात बसत नाहीत. आमच्या घरात मोठं सॉकेट एकच, तेही स्वयंपाकघरात. म्हणून १० अँपिअरचा घेतला. त्याच्यावर २३०० वॅट लिहिलेलं असतं, कारण २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे तेवढं होतं. पण तो ज्या सॉकेटात बसतो ते ६ अँपिअरचं असेल तर खरी मर्यादा १३८० वॅटची. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड त्यावर लावायचा नाही, प्लगवर काहीही लिहिलेलं असो.

आधी कूलर लावून मोजला. पंखा आणि पंप मिळून १८० वॅटच्या आसपास. रात्री नऊ तास म्हणजे दीड युनिटपेक्षा थोडं जास्त. यातला पंप फक्त १८-१९ वॅटचा. विजेची बचत म्हणून पंपाकडे बघण्यात अर्थच नाही. प्रश्न पाण्याचा होता. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी तळाला जातं, आणि रात्री भरलेली ४५ लिटरची टाकी पहाटे तीनला कोरडी. मग पंप कोरडा फिरत राहतो. गेल्या उन्हाळ्यात असाच एक जळला.

वायरमनला बोलावून पंपाची वायर कूलरच्या आतून वेगळी काढली, तिला अर्थिंगसकट तीन पिनांचा टॉप लावला आणि तो टॉप प्लगमध्ये. प्लग भिंतीवरच्या बोर्डात, पाण्यापासून लांब. पंखा पहिल्यासारखाच बटणावर. ॲपमध्ये सायकल टायमर असतो: रात्री बारापासून सहापर्यंत पंप १५ मिनिटं चालू, १५ मिनिटं बंद. वाळ्याचे पडदे एकदा भिजले की तेवढा वेळ ओले राहतात. पहाटे हवाही उतरलेली असते, तेव्हा थोडा कमी गारवा कुणाला जाणवला नाही. टाकी आता सकाळी पाचपर्यंत पुरते, कधी साडेपाच.

दुसरी गंमत मोजण्यात सापडली. पाणी असताना १८-१९ वॅट खाणारा पंप पाणी संपलं की १२-१३वर येतो. पाणी ढकलायचं काम उरलं नाही की भार उतरतो. म्हणून ॲपमध्ये नियम घातला: १५ वॅटच्या खाली गेला तर बंद कर. बंद असताना शून्य दिसतं, त्याने काही बिघडत नाही. एवढ्या कमी वॅटला अशा प्लगचं मोजमाप थोडं डळमळतं, म्हणून आकडा आपापल्या पंपाचा दोन रात्री बघूनच ठरवा. हा नियम मात्र माझ्या ॲपमध्ये नेटवरून चालतो, प्लगच्या आत नाही. नेट गेलं की तो झोपला. टायमर प्लगच्या आत साठवलेला असतो, राउटरमधलं सिम काढून बघितलं तेव्हा तो बरोबर चालला.

पण मे महिन्याच्या मध्यात टायमरही चालला नाही. सकाळी कूलरची टाकी भरलेली, पडदे कोरडे. शोधायला दोन दिवस लागले. कारण साधं आहे: प्लगमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. लाइन गेली की त्याला वेळ आठवत नाही. परत आल्यावर तो नेटवरून वेळ विचारतो आणि मगच वेळापत्रक पाळतो. त्या रात्री बराच वेळ लाइन नव्हती, मोबाइलचा टॉवरही बसला होता. लाइन आली पण टॉवर नाही आला, म्हणून प्लग पहाटेपर्यंत वेळेशिवाय बसून राहिला.

टॉवरचं आपल्या हातात काही नाही. राउटरचं आहे. तिसरी वस्तू म्हणून राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस, म्हणजे लाइन गेल्यावर राउटर चालवणारा बॅटरीचा डबा, घेतला, १२५० रुपये. आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, आणि अँपिअर किती, हे आधी वाचा. काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचे असतात. माझा राउटर त्यावर तीन तास चालतो. फरक असा पडला की लाइन आल्याबरोबर प्लग अर्ध्या मिनिटात नेट धरतो, राउटर उठायची वाट बघावी लागत नाही. 'स्मार्ट' वस्तूंच्या यादीत हा डबा कुणी धरत नाही. खेड्यात तो दुसऱ्या क्रमांकावर हवा.

नेटबद्दल आणखी थोडं. स्वस्तातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटर २.४ आणि ५ एकाच नावाने देत असेल तर जोडणी अडते. जोडण्यापुरतं ५ बंद करा किंवा दोघांना वेगळी नावं द्या. आमच्या दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून एका खोलीपलीकडे सिग्नल निम्मा होतो, आणि कोठ्याच्या टिनाखाली जातच नाही. वस्तू विकत घेण्याआधी फोन घेऊन त्या जागी उभं राहा आणि वाय-फायच्या किती रेघा दिसतात ते बघा. फुकट चाचणी आहे.

आता ज्याच्याबद्दल सगळ्यात कळकळीने लिहायचं आहे ते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, हातात पाण्याची बादली. ॲपमध्ये 'बंद' दिसतंय म्हणून कूलरला हात लावायचा नाही. या प्लगच्या आत रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, एकच असतो, तो एकच तार तोडतो. सॉकेटात फेज (करंटची तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले असतील, तर प्लग न्यूट्रल तोडतो आणि फेज पंपापर्यंत तसाच जिवंत राहतो. आमच्या घरात वायरमनने तपासलं तर सातपैकी दोन सॉकेटं उलटी निघाली. अर्थिंगचं मोठं भोक वर ठेवून समोरून बघितलं तर फेज उजवीकडे हवा. टेस्टर तिथेच लागला पाहिजे, डावीकडे नाही. आणि पाणी भरताना पंखा आणि पंप दोन्हींचे टॉप काढूनच भरायचं, हा आमच्या घरात आता नियम आहे, मुलीलाही पाठ आहे.

अर्थिंगही तपासून घ्या. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनने सांगितल्यापासून मामाजी (माझे सासरे) दर चार दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. त्याच फेरीत मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतली. हा खर्च साडेतीन हजारांच्या बाहेरचा. ती नसेल तर स्मार्ट प्लग नंतर घ्या, आधी ती.

जूनमध्ये चौथी वस्तू: भिंतीवरच्या बोर्डाच्या आत, बटणांच्या मागे बसणारं दोन चॅनलचं मॉड्यूल, ६५० रुपये. सपरीचा आणि अंगणाचा दिवा त्यावर. बटण जसंच्या तसं राहतं. आईंनी दाबलं तरी दिवा लागतो, फोनवरून लावला तरी लागतो, आणि बटण कुठल्याही बाजूला असलं तरी मॉड्यूलची वीज तुटत नाही. बल्बच्या वेळी झालेला सगळा गोंधळ इथे होतच नाही. याला बोर्डात न्यूट्रल लागतो. आपल्याकडे बटणांच्या बोर्डातच एखादं सॉकेट असतं, त्यामुळे न्यूट्रल बहुतेक तिथे असतोच. जागा मात्र कमी पडते. जुन्या लाकडी बोर्डाच्या खोक्यात ते कसंबसं मावलं. हे काम वायरमनकडूनच, मेन पाडून.

मामाजींनी आधी विरोध केला होता. "बटन तं बटनच राह्यते, त्याले फोन कायले पाह्यजे?" आता संध्याकाळी सातला अंगणातला दिवा आपोआप लागतो आणि शेतातून अंधारात परत येताना तो लांबून दिसतो. ते काही बोलले नाहीत, पण एकदा लाइन जाऊन आल्यावर दिवा लागला नाही तेव्हा त्यांनीच विचारलं की आज काय झालं.

विहिरीवरच्या १ एचपी मोटारीबद्दल बऱ्याच जणांना उत्सुकता असते. एचपी म्हणजे ७४६ वॅट, मग १० अँपिअरच्या प्लगवर का नाही? कारण सुरू होताना मोटार चालू प्रवाहाच्या पाच-सहापट ओढते. त्या झटक्याने रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग ॲपमध्ये बंद दाखवूनही मोटार चालूच राहते. प्लगने कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटार, हा योग्य मार्ग. तो पुढच्या टप्प्यात, वायरमनसोबत बसून.

होम असिस्टंट जुन्या लॅपटॉपवर टाकायला घेतलं आहे. स्मार्ट वस्तू सांभाळणारं, २०१३ साली सुरू झालेलं मोफत सॉफ्टवेअर, घरातल्या घरात चालतं. कोरड्या पंपाचा तो नियम नेटवर अवलंबून राहू नये एवढ्यासाठीच ते हवंय. झालं की लिहीन.

आवाजाने चालणारा स्पीकर घेतला नाही. माणसं एका हाकेच्या अंतरावर आहेत.

पाऊस सुरू झाल्यापासून कूलर बंद, दमट हवेत त्याने चिकचिकच वाढते. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवते. बाकी वेळ तो रिकामाच बोर्डात असतो, तरी रोज कामाला येतो. त्याच्या ॲपमध्ये व्होल्टेज दिसतं. वायरमनच्या मल्टिमीटरशी लावून बघितलं, तीन व्होल्टचा फरक निघाला, एवढा चालतो. सकाळी २३५, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-मोटारी सुरू झाल्या की १८५, एकदा १७२. कमी व्होल्टेजला मोटार जास्त प्रवाह ओढते, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापतं. गेल्या वर्षी आमची एकदा भरून आणावी लागली होती. आता मामाजी मोटार लावण्याआधी आत हाक मारतात. शेजारचे काकाजीही कुंपणापलीकडून विचारतात, "सूनबाई, किती हाये आज?"

आज साडेसहाला १७८ होतं. मामाजी म्हणाले, "राहू दे, सकायी लावू."