पावसात मरणारा रिफ्लेक्टर: चोर सापडला

मंडळी, चोर सापडला. माझ्या सायकलचा मागचा रिफ्लेक्टर पावसात चमकेनासा का होतो, या मागच्या अपडेटमधल्या प्रश्नावर निम्म्या जणांचं मत "ब्रॅकेट वाकडा असणार" असं होतं, उरलेल्यांचं "चिखल, दुसरं काय". दोन्ही नाही. दोषी पाणीच आहे, पण बाहेरचं नव्हे, आतलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लाल रिफ्लेक्टर, त्याच्या वर डायनॅमोचा टेललाइट कायम स्थिर, सीटपोस्टवर बॅटरीवाला स्पेअर. कोरड्या रात्री सगळं झकास. ताम्हिणीत पाऊस लागला की मात्र मागून येणारे सांगायचे, "दिवा दिसतोय, रिफ्लेक्टर गायब आहे." सायकल धुऊन, वाळवून, शेडमध्ये उभी करून टॉर्च मारला की तोच रिफ्लेक्टर डोळे दिपवणार. पुढच्या पावसात परत ठार.

तपासताना टॉर्च कुठे धरता हे महत्त्वाचं. छातीशी धरून काही कळत नाही. कानशिलाला टेकवा, डोळ्याच्या अगदी शेजारी, आणि निदान दहा-बारा पावलं लांब उभे राहा. रिफ्लेक्टर प्रकाश चहूकडे उधळत नाही, जिकडून आला तिकडेच अरुंद शंकूत परत पाठवतो. त्या शंकूत तुमचा डोळा नसेल तर चांगला मालही फुटका वाटेल.

आधी संशयितांची यादी पुसून काढली. ब्रॅकेटचा कोन मोबाइलच्या लेव्हल ॲपवर पाहिला, पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) भरून आणि रिकामे, दोन्ही वेळा, फरक किरकोळ. चिखलाचं पाणी मुद्दाम फासलं. चमक कमी झाली, पण मेली नाही. झाडांवर मारायच्या स्प्रेने समोरून पाणी मारलं. थेंबांमुळे चमक थोडी विस्कटली, तरी भरपूर उरली. इथे मी अडकले होते. ओला केला तरी चालतो, मग पावसात का मरतो?

शेवटी वैतागून तो काढला आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी बाथरूमचा दिवा घालवून टॉर्च मारला. वरचा भाग लाल भडक, खालचा भाग काळा ठिक्कर, आणि मध्ये सरळ आडवी रेघ. रिफ्लेक्टर हातात तिरपा केला तर रेघ तिरपी झाली नाही, आडवीच राहिली. आत पाणी होतं आणि ती त्या पाण्याची पातळी होती! उलटा करून झटकला तरी वरच्या भागात काळे डाग उरले, म्हणजे पाणी ओघळून गेलं तरी त्याचा पातळ थर आत चिकटून राहतो.

यामागची गंमत सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. रिफ्लेक्टरच्या पुढच्या बाजूला गुळगुळीत प्लास्टिक असतं, खरी करामत मागच्या बाजूला. तिथे घनाच्या कोपऱ्यासारख्या शेकडो बारीक खोबणी असतात, तीन पृष्ठं एकमेकांना काटकोनात. कॅरमचा स्ट्रायकर कोपऱ्यातल्या दोन्ही कडांना आपटून आला तसाच परत फिरतो ना, तेच इथे तीन पृष्ठांवर. चंद्रावर 1969 मध्ये अपोलो 11 ने ठेवलेले आणि चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरवर बसवलेले परावर्तक याच जातीचे. पण आपल्या स्वस्त लाल तुकड्यात आरसा किंवा चांदीचा मुलामा नसतो. प्रकाश परत फिरतो तो केवळ पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे, आणि त्यासाठी प्लास्टिकच्या मागे हवा लागते. ॲक्रिलिकच्या मागे हवा असेल तर क्रांतिक कोन (किरण याहून तिरका आपटला तरच पूर्ण परत फिरतो) साधारण 42 अंश. समोरून आलेला किरण प्रत्येक पृष्ठावर सुमारे 55 अंशांनी आपटतो, म्हणजे आरामात परत. हवेच्या जागी पाणी आलं की तोच क्रांतिक कोन 63 अंशांच्या आसपास जातो. 55 अंशवाला किरण मग सरळ पाण्यात घुसतो आणि मागच्या काळ्या झाकणात जिरतो. दहावी-बारावीचं भौतिकशास्त्र कॅरिअरला लटकत होतं.

समोरच्या बाजूला कितीही पाणी मारलं तरी तो का मेला नाही, हेही यातच आलं.

आता पाणी शिरलं कुठून? भिंगाखाली पाहिलं तर लाल काच आणि काळं झाकण जिथे वेल्ड केलेलं असतं त्या रेषेत खालच्या कोपऱ्यात केसाएवढी फट. उन्हात तापलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, पावसाची सर आली की गार पडून आकुंचन होतं आणि फट पाणी ओढून घेते. वाळायला बराच वेळ लागतो, पण मी राइडनंतर सायकल नीट सुकवूनच तपासायला बसायचे, तोवर पुरावा उडून गेलेला असायचा.

हा तुकडा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला होता, सहाचा पॅक. उरलेले पाचही बादलीत गेले. दोघांत रेघ उमटली. एकाच्या मागे तर खोबणीच नाहीत, नुसती नक्षी! लाल प्लास्टिकवर जाळी छापली आहे, बस. तक्रार केल्यावर उत्तर आलं, "प्रॉडक्ट डेकोरेटिव्ह आहे." केंद्राने 2020 मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढलेला आहे, आयएसओ 6742 या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग खास याच वस्तूसाठी आहे, आणि हे महाशय डेकोरेटिव्ह विकताहेत. माझं मत: सुटा रिफ्लेक्टर घेताना आयएसआय किंवा युरोपचा वर्तुळातला 'ई' असा शिक्का कोरलेला नसेल तर दुकानातच ठेवा. नव्या सायकलसोबत येणारे आपण "वजन कमी करू" म्हणून उपटून फेकतो, त्यातले बरेच यापेक्षा चांगले असतात.

दुरुस्ती. तांदळात वगैरे ठेवू नका, पिठूळ धूळ आत जाते. मी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवून वाळवला आणि फटीवर न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. फेविक्विक अजिबात नको, त्याची वाफ प्लास्टिकवर पांढरा धुरकट थर बसवते. थिनरने पुसायचा मोहही आवरा, ॲक्रिलिकला केसासारखे तडे जातात. सील केलेला परत बादलीत, परत टॉर्च. रेघ नाही! अंघोळीला खोळंबलेल्या घरच्यांना या आनंदाची कदर नव्हती.

इथवर आल्यावर मूळ बेत असा होता की असाच अजून एक सील करून मडगार्डवर लावायचा आणि विषय बंद. पण बाबांनी (सासरे, एसटीत ड्रायव्हर होते, घाटातली ड्यूटी) त्यात खोडा घातला. डोणज्याच्या बाजूला अंधाऱ्या रस्त्यावर सायकल उभी केली, आधी कारमधून पाहिली, मग बाबांच्या ओळखीच्या एकाचा ट्रक घेऊन त्याच्या केबिनमधून. कारमधून रिफ्लेक्टर निखाऱ्यासारखा लाल. केबिनमधून तोच रिफ्लेक्टर, तेवढ्याच अंतरावर, मंद. बाबा म्हणाले, "अगं, आम्हाला हे असंच दिसायचं. लाल ठिपका कशाचा ते कळत नाही. पाय वरखाली होताना दिसले की कळतं, सायकल आहे."

गणित सोपं आहे. कारमध्ये डोळा हेडलाइटपेक्षा साधारण 60 सेंटिमीटर वर असतो, म्हणजे 100 मीटरवरून दिवा आणि डोळा यांतला कोन जेमतेम एक तृतीयांश अंश. उंच केबिनमध्ये हे अंतर दीड मीटरच्या घरात, कोन 0.86 अंश. जवळ येताना कोन वाढतच जातो. युरोपच्या ईसीई नियमावली क्रमांक 3 मध्ये लाल रिफ्लेक्टरला एक तृतीयांश अंशावर किमान 300 मिलिकँडेला प्रति लक्स (पडलेल्या प्रकाशातला किती परत येतो त्याचं माप) लागतात, आणि दीड अंशावर फक्त 5. साठपट घसरण मानकालाच मान्य आहे! त्यात लाल रंग मुळातच कंजूस: त्याच नियमात पिवळ्याला लालच्या अडीचपट आणि पांढऱ्याला चौपट परावर्तन लागतं.

मग मागे पांढरा का लावू नये, असं लगेच कोणीतरी विचारणार. नाही. पुढे पांढरा, मागे लाल, बाजूला आणि पेडलला पिवळा, हे जगभर जवळपास सारखं आहे, कारण रंगावरून समोरच्याला तुमची दिशा कळते. मागे पांढरं चमकलं तर ड्रायव्हरला वाटणार हा माझ्याकडे येतोय. चाकाच्या व्हॉल्व्हला लावायचे रंग बदलणारे दिवे आणि हँडलवरचे लाल-निळे फ्लॅशर मला याच कारणासाठी नकोसे वाटतात. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून गेले, आपल्या रविवारच्या ग्रुपमध्ये अजून दोन-चार आहेत.

दिवा स्थिर ठेवायचा की लुकलुकता, यावर मागे वाद झाला होता, त्यात भर. जर्मनीत लुकलुकणारा दिवा नियमातच बसत नाही. ब्रिटनमध्ये 2005 पासून चालतो, मिनिटाला 60 ते 240 वेळा या मर्यादेत. बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) रात्री पुढे-मागे निदान एकेक दिवा स्थिर हवा, आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला (पीबीपी, फ्रान्समधली अशीच मोठी राइड) लुकलुकणारा मुळीच नको. 2027 चं पीबीपी ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी आतापासूनच स्थिर दिव्याची सवय करा. स्ट्रोबवाल्याच्या मागे घाट चढायचा म्हणजे शिक्षाच, आणि अंधारात नुसत्या लुकलुकीवरून अंतराचा अंदाज मला तरी येत नाही.

तर बेत बदलला. दुसरा रिफ्लेक्टर रद्द, नाना पेठेतून ट्रकला लावतात ती परावर्तक टेप आणली. ट्रकसाठीही रंग तेच, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. लाल पट्टी मडगार्डच्या खालच्या टोकाला लावली, कारण डिपरवर असलेल्या गाडीचा प्रकाश खाली जास्त पडतो. पिवळ्याचे अरुंद तुकडे क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मागच्या कडेला आणि बुटांच्या टाचेला, कारण क्लीटच्या (बूट अडकवायच्या) पेडलला रिफ्लेक्टर लावायला जागाच नसते. बाबांनी सांगितलेलं वरखाली होणं त्यातून मिळतं. केबिनमधून परत पाहिलं नाही अजून, पण कारमधून क्रँक फिरवलेला बघणं म्हणजे अहाहा.

चिकटवल्यावर डोक्यात आलं: ही टेपही प्रिझमचीच. भिंगाखाली मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात, प्रत्येकात हवा कोंडलेली. कात्रीने कापलं की कडेचे कप्पे उघडे पडतात, म्हणजे पुन्हा तेच पाणी, तेच मरण. एक उरलेला तुकडा बादलीत टाकला. कड काळी पडली, मधला भाग ठणठणीत. म्हणून आता सगळ्या कापलेल्या कडांना पारदर्शक नेलपेंटचा हात दिलाय. नेलपेंटमध्ये सॉल्व्हंट असतं, त्यामुळे ते टेपच्या तोंडावर पसरू न देता फक्त कडेवर. किती टिकतं ते पाऊस सांगेल. कोणी टेप विकणाऱ्यांकडचं खास एज सीलर वापरलं असेल तर लिहा.

जॅकेटचीही झडती घेतली. स्वस्त जॅकेटच्या करड्या पट्टीत प्रिझम नसून काचेचे बारीक मणी असतात, आणि त्यांच्यावर पाण्याचा थर बसला की किरण चुकीच्या जागी एकवटतो. स्प्रे मारल्यावर माझी एक पट्टी अक्षरशः साधं करडं कापड झाली. दुसरं जॅकेट आयएसओ 20471 (ठळक दिसणाऱ्या कपड्यांचं मानक) वालं, ओलं असतानाही बऱ्यापैकी चमकलं. त्या मानकात पावसातली चाचणी असतेच. फ्रान्समध्ये 2008 पासून रात्री वस्तीबाहेर जॅकेट सक्तीचं आहे, तेव्हा पीबीपीसाठी ते घ्यावं लागणारच, मग आत्ताच नीट घ्या.

पुढचं: 300 किलोमीटरच्या बीआरएमच्या आधी एका पावसाळी रात्री ट्रकच्या केबिनमधून पूर्ण सेटअप, बाबा आणि मी, पायडल मारायला भाचा. टायरच्या साइडवॉलवरची परावर्तक रिंग ओली झाल्यावर कशी वागते तेही तेव्हाच पाहू. तोवर तुमचे मागचे लाल तुकडे रात्रभर बादलीत टाका आणि रेघ उमटली तर कोणत्या मेकचा, शिक्का होता की नाही, ते कळवा.