बेचाळीस वर्षांची राजधानी

हनोईत व्हिएतनामच्या जुन्या राजधानीची, होआ लूची चौकशी केली की सगळे एकच सांगतात: टूर घ्या. बस, देवळात वीस मिनिटं, मग होडी, मग जेवण. एका राजधानीला वीस मिनिटं ही गोष्ट काही पटेना, म्हणून मी एकटाच निघालो.

रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत निन्ह बिन्ह. तिथे भाड्याने सायकल घेतली. गियर नव्हते, घंटी मात्र दणदणीत होती. पुढे बारा-तेरा किलोमीटर. तिकडे वाहतूक उजव्या बाजूने, त्यामुळे प्रत्येक चौकात मनातल्या मनात उजळणी करूनच वळायचो. मार्चमधली भुरभुर चालू होती, ना धड पाऊस ना धड धुकं. चष्मा पुसून पुसून शर्टाचं टोक ओलं झालं.

पोचलो, वीस हजार डोंगांचं तिकीट काढलं (घाबरू नका, साधारण सत्तर रुपये) आणि आत जाऊन बघतो तर राजधानी कुठंय? रायगड बघितलेल्या माणसाला निदान तटबंदी, बुरूज, दरवाजा हवा असतो. इथे दोन बैठी देवळं, भोवती चुनखडीचे उंच सुळके आणि भातशेती.

थोड्या वेळाने लक्षात आलं, ते सुळके म्हणजेच तट. डिन्ह बो लिन्हने आपसात भांडणाऱ्या बारा सरदारांना नमवून 968 मध्ये इथे राजधानी केली, तेव्हा डोंगरांमधल्या फटी तेवढ्या भिंती घालून बुजवल्या. बाकीचं काम निसर्गानेच केलेलं. 1010 मध्ये राजा ली थाय तो राजधानी थांग लाँगला, म्हणजे आजच्या हनोईला घेऊन गेला आणि होआ लू मागे राहिलं. आजची देवळं सतराव्या शतकातल्या बांधणीची.

डिन्हच्या देवळासमोर एक दगडी राजशय्या आहे. वर ड्रॅगन कोरलाय, त्याला सगळे कॅमेरे लावतात. मी कडेला वाकून बघितलं तर तिथे चक्क मासे आणि कोळंबी! ज्या कारागिराने ती कोरली त्याचं घर नक्की पाण्याकाठी असणार.

दुसरं देऊळ ले होआनचं, आणि खरी गोष्ट तिथे आहे. 979 मध्ये डिन्ह राजाचा आणि थोरल्या मुलाचा खून झाला. गादीवर सहा वर्षांचं पोर, आणि उत्तरेकडून चीनच्या सोंग घराण्याच्या फौजा येणार. तेव्हा राजमाता झुओंग व्हान न्गाने राजवस्त्र सेनापती ले होआनच्या खांद्यावर घातलं. 981 मध्ये त्याने सोंगांना परतवलं. पुढे ती त्याचीही राणी झाली. या देवळात तिची मूर्ती त्याच्याबरोबर आहे. आवारातच उत्खननात निघालेला दहाव्या शतकातल्या वाड्याचा पाया जपून ठेवलाय. विटांच्या त्या ओळींपुढे मी देवळांपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो.

मग मा येन टेकडी. वर डिन्ह राजाची समाधी, अडीचशेच्या वर पायऱ्या, आणि त्या पावसाने निसरड्या. गुडघे बोलायला लागले. पण वरून मात्र डोंगर एकमेकांना कसे भिडलेत ते दिसतं. हे आधी बघायला हवं होतं, म्हणजे खाली तटबंदी शोधत फिरलो नसतो. जाणाऱ्यांनी टेकडी आधी करावी.

उतरल्यावर भूक. मी शाकाहारी. तिकडे अमावास्या-पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार पाळतात, त्याला ‘चाय’ म्हणतात, एवढा अभ्यास करून गेलो होतो. खानावळीतल्या मावशींना ऐटीत म्हणालो, ‘कोम चाय’. त्यांनी आनंदाने तळलेल्या भाताची जाड खरपुडी आणली, सोबत बकऱ्याच्या मटणाचा रस्सा. ‘चाय’चा सूर वर गेला की अर्थ होतो करपलेला, आणि ‘कोम चाय’ म्हणजे नेमका निन्ह बिन्हचा खास पदार्थ! मी रश्श्याकडे बोट दाखवून हात जोडले. मावशी खो खो हसल्या, वाटी उचलली आणि टोफू, लसूण घातलेली नाळीची भाजी घेऊन आल्या. खरपुडी मात्र मी परत दिली नाही.