हात पुरेल तेवढी होडी

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात गॅरेजमध्ये गाडी ठेवणारी माणसं फार थोडी. गाड्या बाहेर पावसात भिजतात आणि आत ड्रिल, करवती, रंगाचे अर्धे डबे, मोडकी सायकल असा संसार असतो. आमच्या गॅरेजात छताला दोन पट्ट्यांनी टांगलेली साडेचार मीटरची कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडीही आहे. कोकणातल्या हर्णैच्या मासळी बाजाराचा वास नाकात घेऊन वाढलेली मुलगी समुद्राच्या इतक्या जवळ राहून मासे दुकानातून आणेल, हे काही जमण्यासारखं नव्हतं.

इकडे समुद्रातल्या मासेमारीला परवाना लागत नाही. (ट्राउटसाठी, म्हणजे गोड्या पाण्यात, लागतो.) नियम मात्र कडक. ऑकलंडसमोरच्या हौराकी आखातात स्नॅपर हा मासा ३० सेंटीमीटरच्या आतला असला तर परत सोडायचा आणि दिवसाला माणशी ७ च्या वर घ्यायचे नाहीत. एकही विकायचा नाही, विकला तर गुन्हा. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग गं कशाला जातेस एवढी?" जन्मभर लिलावात उभी राहिलेल्या बाईला न विकायचा मासा समजावणं कठीण.

मला आज सांगायचंय ते कयाकवरच्या सामानाविषयी, कारण फोटो टाकले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "ते पाठीमागे निळे पाइप कसले?"

बसण्याची जागा उघडी असलेली ही कयाक. बुडाला आरपार भोकं असतात, त्यामुळे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. पाय लांब करून बसायचं, आणि एकदा बसलं की उठणं नाही, वळणंही नाही. अर्ध्या कंबरेत वळून मागे हात घातला की होडी त्या बाजूला कलते. म्हणजे तुमचं सगळं जग दोन्ही हातांच्या टप्प्यात. ओट्याशी उभं राहून मिसळणाचा डबा न बघता हाताला लागतो, तसं चिमटा, चाकू, जाळं, सगळं न बघता लागलं पाहिजे. दुकानात मिळणारं सामान छानच असतं, पण ते सरासरी हातासाठी बनवलेलं असतं आणि तो सरासरी हात बहुधा सहा फुटी पुरुषाचा. माझी उंची पाच फूट एक इंच. पैसे वाचतात हे खरंच, पण मी करवत हातात घेतली ती या कारणाने.

गुरू शेजारीच मिळाले. शेजारचे आजोबा (इथे त्यांना नावानेच हाक मारायची असते, आजोबा मी मनातल्या मनात म्हणते) तरुणपणी मेंढ्यांच्या कुरणांना कुंपणं घालायचं काम करत. कुंपणाची ती ४ मिलिमीटर जाडीची तार म्हणजे 'नंबर ८'. जे काही मोडेल ते या तारेने दुरुस्त होतं अशी या देशाची श्रद्धा आहे. आजोबांनी माझी कयाक पाहिली, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "याला काहीही चिकटणार नाही, हे आधी डोक्यात घे."

खरं आहे. कयाक पॉलिएथिलिनची. पाण्याची टाकी बनवतात तसंच साच्यात पावडर घालून, साचा गरम करत फिरवून ही बनते. या प्लॅस्टिकला गोंद, इपॉक्सी, सोल्व्हंट सिमेंट काही धरत नाही; आज लावा, महिन्याभरात साल सुटावं तसं सुटतं. म्हणून सगळं जोडकाम भोक पाडून. जिथे आतून हात पोचतो तिथे नट-बोल्ट, मागे रुंद वॉशर. जिथे पोचत नाही तिथे रिव्हेट किंवा रबरी नट. हा रबरी नट मला फार आवडतो. भोकात घालायचा, वरून स्क्रू पिळायचा, की आतल्या बाजूला रबर फुगून बसतं आणि पाणीही अडतं. प्रत्येक भोकात सिलिकॉन भरायचंच. बोल्ट ३१६ नंबरच्या स्टेनलेसचे, कारण खाऱ्या हवेत ३०४ नंबरच्यांवरही तांबूस डाग धरतात. ॲल्युमिनियमचा रिव्हेट आणि स्टेनलेसची पट्टी एकत्र आणली तर खारं पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकतं, तेही बघायचं. आणि भोक पाडण्याआधी होडीत बसून, वल्हं हातात धरून, पेन्सिलीने खूण करायची. गॅरेजमध्ये उभं राहून केलेली खूण पाण्यावर चुकते, कारण वल्ह्याची फेरी किती रुंद जाते ते उभ्याने कळत नाही.

तर ते निळे पाइप. सीटच्या मागे एक चौकोनी प्लॅस्टिकचा क्रेट, त्याला केबल टायने, म्हणजे ओढून आवळायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने, बांधलेले ४० मिलिमीटरच्या पीव्हीसीचे तीन तुकडे. पाइपचं वरचं टोक हीट गनने ऊन करून बाटलीच्या बुडावर दाबलं की कर्ण्यासारखं उमलतं आणि गळाची काठी न अडकता आत जाते. निळा रंग मी दिला, पांढरा पाइप संडासाच्या पाइपासारखा दिसतो म्हणून. क्रेट विकत घेतलेला आहे. दुधाचे क्रेट लोक सर्रास वापरतात, पण त्यांच्यावर डेअरीच्या मालकीचा छाप असतो. एवढंच त्या पाइपांचं गौडबंगाल.

नांगराचं प्रकरण मात्र खरोखर ऐकण्यासारखं आहे.

कयाकला नांगर कुशीतून बांधला तर ओहोटीची ओढ होडीला आडवी धरते आणि पहिल्या मोठ्या लाटेला ती उलटते. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकाकडूनच जायला हवी, आणि त्या टोकांना बसल्या जागेवरून हात पुरत नाही. यावर तोड अशी: एका बाजूला, पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ एकेक छोटी कप्पी बसवायची, त्या दोन कप्प्यांमधून दोरीचा अखंड फेरा घ्यायचा आणि फेऱ्यात एक कडी अडकवायची. वाळत घातलेले कपडे ओढून घ्यायच्या दोरीसारखंच काम. नांगराची दोरी मांडीजवळ त्या कडीतून घातली आणि फेरा ओढला, की कडी सरकत टोकापर्यंत जाते. वारा फिरला की दुसरीकडे ओढायची. दोन कप्प्या, दहा मीटर दोरी, चार रिव्हेट, एक दुपार. कयाकवर एकच सुधारणा करायची असेल तर मी हीच सांगेन.

नांगर दीड किलोचा, घडीचा, चार आकड्यांचा (म्हणजे हुकांचा). त्याची साखळी आपण सहज वरच्या कडीला बांधू. इथे उलटं करतात. साखळी नांगराच्या बुडाला, आकडे जिथे एकत्र येतात तिथल्या भोकात, शॅकलने (पिन लावायच्या लोखंडी कडीने) पक्की करायची. मग ती दांड्याच्या कडेने वर आणायची आणि वरच्या कडीला फक्त एका केबल टायने धरायची. एरवी टाय साखळीला जागेवर ठेवतो आणि नांगर नेहमीसारखा रुततो. खडकाच्या कपारीत अडकला, तर होडी त्याच्या बरोबर वर न्यायची आणि जोर लावायचा. टाय तुटतो, ओढ एकदम बुडाकडून बसते आणि नांगर शेपटीकडून बाहेर येतो. रांगिटोटो बेटाच्या कडेला तळ सगळा लाव्हाचा. जेमतेम सहाशे वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी तो. तिथे या युक्तीशिवाय नांगर टाकणं म्हणजे समुद्राला लोखंड दान करणं.

दोरीच्या होडीकडच्या टोकाला मी एक तरंगता गोळा बांधलाय आणि ती नुसती खाचेत दाबलेली असते. मोठं जहाज किंवा फेरी अंगावर येताना दिसली की गाठ सोडत बसायला वेळ नसतो. दोरी झटकायची, वल्हं मारायचं, नंतर येऊन गोळा उचलायचा. घरी निघताना नांगर आणि दोरी निरखून बघायची, हिरवं शेवाळ गुंतलं असेल तर तिथल्या तिथे काढून टाकायचं. २०२१ मध्ये ग्रेट बॅरिअर बेटाजवळ कॉलर्पा नावाचं परकं शेवाळ सापडलं. त्याचा इवलासा तुकडाही दुसरीकडे रुजतो, म्हणून काही खाड्यांमध्ये नांगर टाकायलाच बंदी घातली गेली.

नांगर न टाकता वाहत वाहत मासेमारी करायची असेल तर वाऱ्याला लगाम हवा. होडी जोरात सरकली तर गळ तळाला पोचतच नाही. त्यासाठी पाण्यात सोडायचा एक शंकू असतो, कापडाचा, रुंद तोंडाचा आणि शेपटाला छोटं भोक असलेला. माझा शंकू जुन्या तंबूच्या वरच्या कापडाचा आहे. तोंडाच्या दुमडीत बागेतल्या नळीचा तुकडा घातलाय, म्हणजे तोंड उघडं राहतं. शिवणकाम आईने शिकवलेलं. तिला व्हिडिओ कॉलवर शंकू दाखवला तर ती म्हणाली, "परकराला नाडी घालायची राहिली तुझी." नाडी आहे, शेपटाला. ती ओढली की शंकू उलटा होऊन रिकामा वर येतो, नाहीतर पाण्याने भरलेला तो ओढताना खांदे निखळतील.

फिश फाइंडर म्हणजे आवाजाच्या लाटा सोडून पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. लाटा सोडणारा त्याचा भाग, ट्रान्सड्यूसर, लोक होडीच्या बाहेर दांडी लावून बसवतात. मी तो आत, बुडाच्या प्लॅस्टिकवर पुट्टीत दाबून बसवला. पॉलिएथिलिनमधून आवाजाची लाट बऱ्यापैकी जाते. अट एकच, मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला की स्क्रीनवर नुसता पाऊस. पाण्याचं तापमान मात्र तो चुकीचं दाखवतो, कारण तो होडीचं बूड मोजत असतो. बॅटरी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची, अडीच किलोच्या आसपास, झाकण घट्ट बसणाऱ्या जेवणाच्या डब्यात.

माशांची पिशवी गाडीच्या काचेला लावायच्या चंदेरी पडद्याची आणि जुन्या योगा मॅटची, दोन थर शिवून. बर्फात समुद्राचं पाणी घातलं की गोळा न होता पातळ बर्फ होतो आणि मासा चारी बाजूंनी गार पडतो. त्याआधी डोळ्याच्या मागे, किंचित वर, टोकदार सळई मेंदूत घालून त्याला झटक्यात मारायचं. ही जपानी रीत इथे बरेच जण पाळतात. तडफडून मेलेल्या माशापेक्षा हा मासा घट्ट आणि गोड लागतो, कालवणात तर फरक लगेच कळतो. स्नॅपर म्हणजे आपली तांबोशी नव्हे, नात्यातला दूरचा. पण तिरफळ घातलं की तक्रार करत नाही.

आता जे घरी करू नये ते. लाइफजॅकेट, शिट्टी, मदत मागायचा व्हीएचएफ रेडिओ, यांत जुगाड नाही. माझा हिशेब साधा आहे: वस्तू तुटली तर फार तर काठी बुडेल, अशी असेल तर ती घरी बनवायची, तुटल्यावर मी बुडेन, अशी असेल तर विकत. रेडिओ आणि पाणी न शिरणाऱ्या पाकिटातला फोन दोन्ही अंगावर, होडीला बांधलेले नाहीत. होडी उलटून वाहत गेली तर तिला बांधलेला रेडिओ काय कामाचा?

आणि प्रत्येक नवीन जोडणीनंतर उथळ पाण्यात होडी मुद्दाम उलटी करायची. हे लोक टाळतात, कारण किनाऱ्यावर बघे असतात. पण काठ्यांना बांधलेल्या सुरक्षा-दोऱ्या पायात कशा गुंततात, क्रेटचं वजन होडी परत सुलटी होऊ देतं की नाही, हे फक्त असंच कळतं. या चाचणीनंतर माझ्या निम्म्या दोऱ्या गेल्या. आता फक्त काठ्यांना आणि वल्ह्याला दोरी आहे, चाकू कमरेला. बाकीचं बुडालं तर बुडो.

इथल्या खाड्यांमध्ये कधी कधी माओरी लोकांच्या वाका आमा दिसतात, एका बाजूला समांतर तरंग बांधलेल्या होड्या. पाहिल्या की मालवणकडच्या उलंडीच्या होड्या आठवतात. कयाकला उलंडी बसवायची का, यावर आजोबांचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात, बसव, स्थिर होईल. मला वाटतं, स्थिर होईल पण मोठा स्नॅपर त्याच बाजूने दोर घेऊन पळेल आणि गुंतवील. सध्या गॅरेजात दोन रिकाम्या पीव्हीसी नळ्या टोपणं लावून पडून आहेत, निर्णयाची वाट बघत.

आमच्याकडे बायका मासा विकतात, समुद्रात जातात ते पुरुष. त्यामुळे माझ्या फोटोंवर हर्णैच्या चुलतभावाचा शेरा काय येतो याची मला धाकधूक असते. त्याची स्वतःची होडी आहे. नांगराची युक्ती मी त्याला मोठ्या ऐटीत लिहून पाठवली, फोटोवर बाण काढून. बराच वेळ उत्तर नाही. मग आवाजी निरोप आला, मागे इंजिनाची घरघर: "ताई, केबल टाय कशाला गं? तुटून प्लॅस्टिक पाण्यातच जातंय ना? सुतळी बांध की." आता सुतळीचे दोन वेढे असतात. किती वेढ्यांना ती नेमकी तुटते, ते गॅरेजच्या तुळईला नांगर टांगून आजोबा आणि मी मोजून ठेवलंय.